आकडा फिरवून माप येत नाही

सीएनसी राउटरवर कापलेला जॉब मापात बसत नसेल तर काय करावं, याचं एक उत्तर गावोगावच्या वर्कशॉपांत वेदवाक्य होऊन बसलं आहे. शंभर मिलिमीटरचा चौकोन कापा, मोजा, जेवढा फरक आला तेवढ्या प्रमाणात कंट्रोलरमधला 'पल्स पर एमएम'चा, म्हणजे एक मिलिमीटर सरकायला मोटरला किती पल्स द्यायच्या तो, आकडा बदला, पुन्हा कापा. माप आलं? मग काम झालं. या पंथाला मी दतिया गेट संप्रदाय म्हणतो, कारण झाशीत दतिया गेटजवळ दरवाजे, जाळ्या आणि देवघरं करणारा माझा आतेभाऊ, आमचा दादा, त्याचा कट्टर अनुयायी आहे आणि या एका विषयावरून आमचं बरीच वर्षं वाजत आलं आहे. दतिया गेटचा यात काही दोष नाही. भोसरीत जा, सांगलीत जा, हीच दीक्षा मिळते. मशीन विकणाऱ्याचा माणूस फोनवर हेच सांगतो, कारण फोनवरून एवढंच सांगता येतं.

दादाचं म्हणणं असं: "मशीनला कुठे बोट दाखवायचं ते मला कळत नाही, पण माप चुकतंय हे कळतं. आकडा टाकला की माप येतं. मग तुझं पुस्तक घेऊन मी काय करू?" वाद या शेवटच्या प्रश्नाशीच आहे. आकडा टाकल्यावर माप येतं हे खरं. पण ते फक्त त्याच चौकोनाचं येतं.

समजा, शंभरचा चौकोन १००.३ आला. दादा आकडा ०.३ टक्क्यांनी कमी करतो. पुढचा चौकोन १०० येतो आणि तो खूश होतो. मग त्याच सेटिंगवर कपाटाचा ६०० मिलिमीटरचा शटर कापला जातो आणि तो निघतो ५९८.५. असं का? कारण हातातला बिट ६ मिलिमीटरचा नव्हताच. धार लावून लावून तो ५.७ झाला होता. सॉफ्टवेअरला वाटतं बिट ६ चा आहे, म्हणून ते बिटाचा मध्य जॉबच्या कडेपासून ३ मिलिमीटर बाहेर ठेवतं. बिटाची खरी त्रिज्या २.८५. म्हणून दर बाजूला ०.१५ लाकूड जास्त उरतं, दोन्ही बाजू मिळून ०.३. चौकोन शंभरचा असो की सहाशेचा, चूक ०.३ च. आकडा बदलण्याआधी ६०० चा शटर ६००.३ येत होता, घासून बसवता आला असता. दुरुस्तीनंतर तो दीड मिलिमीटर तोकडा झाला, आणि तोकडं लाकूड कोणी वाढवून देत नाही.

याच बिटानं आतलं भोक कापलं की गंमत आणखी उघड होते. लपलेल्या बिजागरीच्या वाटीसाठी ३५ मिलिमीटरचं भोक लागतं. बारीक बिटामुळे ते ३४.७ येतं आणि वाटी बसत नाही. दादाच्या दुरुस्तीनंतर ते ३४.६ येतं. म्हणजे बाहेरचं माप मोठं आणि आतलं लहान, अशा दोन उलट्या चुका होत्या, आणि आकडा फिरवल्यावर दोन्ही मापं एकाच दिशेनं सरकली. बाहेरची चूक झाकली गेली, आतली वाढली. ज्या दुरुस्तीनं एक चूक झाकताना दुसरी वाढते तिला दुरुस्ती म्हणायचं तरी कसं? बिटाच्या पात्याला मायक्रोमीटर लावला असता आणि खरा व्यास सॉफ्टवेअरमध्ये भरला असता, तर दोन्ही मापं एका झटक्यात सुटली असती.

आता त्या आकड्याकडे वळू, कारण संप्रदायाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. हा आकडा येतो कुठून? आठ बाय चारची शीट घेणाऱ्या, बाजारात १३२५ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या राउटरवर लांबी आणि रुंदीच्या अक्षांना बहुतेक वेळा रॅक आणि पिनियन असतं. तिरप्या दातांचा दीड मॉड्यूलचा रॅक घ्या. त्याच्या दातांचा तिरपेपणा १९ अंश ३१ मिनिटं ४२ सेकंद ठेवतात. हा विचित्र वाटणारा कोन मुद्दाम निवडलेला आहे: त्या कोनात दोन दातांमधलं अंतर बरोबर ५ मिलिमीटर होतं. वीस दातांचं पिनियन एका फेऱ्यात १०० मिलिमीटर सरकवतं. मोटर आणि पिनियनमध्ये पाचास एक गिअरबॉक्स असेल आणि ड्रायव्हर एका फेऱ्याला १६०० पल्सवर लावलेला असेल, तर १६०० गुणिले ५ भागिले १००, म्हणजे मिलिमीटरला ८० पल्स. कागद-पेन्सिलीनं येणारं उत्तर. त्यात दादानं ०.३ टक्क्यांनी कमी केलेल्या ७९.७६ ला जागाच नाही.

रॅक सरळ दातांचा असेल तर फेऱ्याला ९४.२५ मिलिमीटर आणि आकडा ८४.८८. म्हणजे चुकीचा रॅक गृहीत धरला तर चूक सहा टक्क्यांच्या घरात जाते, शंभराला सहा मिलिमीटर, आंधळ्यालाही दिसेल अशी. पिनियनचा एक दात मोजण्यात चुकला तर पाच टक्के. दात पूर्ण संख्येतच असतात, अर्धा दात कोणी पाडत नाही. म्हणून गिअरच्या हिशेबातून येणारी चूक नेहमी ढळढळीत मोठी असते. ज्या चुकीवरून आपलं भांडण आहे ती ०.१ किंवा ०.३ टक्क्याची. ती या हिशेबातून उगवूच शकत नाही. ती दुसरीकडून आली आहे, आणि जिथून आली तिथे जाऊन बघणं भाग आहे.

यावर उत्तर येतं, "पिनियन झिजलं असेल, म्हणून आकडा थोडा बदलला." ऐकायला पटतं, पण खोटं आहे. दातांचा आकार इनव्हॉल्यूट असतो आणि त्याचा गुणच असा की पिनियन रॅकपासून थोडं लांब गेलं तरी एका दातामागे सरकणं तेवढंच राहतं. झिजेनं प्ले वाढतो. दिशा बदलताना मोटर थोडी रिकामी फिरते आणि गॅन्ट्री, म्हणजे बिट वाहून नेणारा आडवा पूल, जागची हलत नाही. प्रमाण मात्र बदलत नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या छोट्या मशीनची गोष्ट वेगळी आहे. तिथे पट्टा ताणला की प्रमाण किंचित सरकतं, तिथे आकडा थोडा हलवला तर मी हरकत घेणार नाही. पण दरवाजे कापणारं मशीन पट्ट्यावर चालत नाही.

मोजण्याबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलावं लागेल. संप्रदायाचं मुख्य हत्यार म्हणजे खिशातला टेप. चांगल्या दुकानात मिळणारा दुसऱ्या वर्गाचा टेप घ्या. आंतरराष्ट्रीय नियमानं त्याला दोन मीटरला ०.७ मिलिमीटर चुकायची मुभा आहे. ही मुभा कारखान्यातून निघालेल्या नव्या टेपाला. रोज बेडवर आपटणाऱ्या टेपाच्या टोकाची कडी ढिली झालेली असते. ती थोडी सरकावी म्हणूनच मुळात बनवलेली असते, म्हणजे बाहेर अडकवून आणि आत टेकवून घेतलेल्या मापांत कडीच्या जाडीचा फरक पडू नये. पण कितीनं सरकावी याचा हिशेब झिजून गेलेला असतो. अशा टेपानं अर्ध्या मिलिमीटरची चूक शोधायची आणि त्यावरून मशीनचा आकडा तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत टाइप करायचा, हा आत्मविश्वास मला अजून साधलेला नाही. जुने सुतार निदान कडी सोडून शंभराच्या खुणेपासून माप घेतात. नव्यांना तेही जुनाट वाटतं.

झाशीकर लगेच हवामानावर बोट ठेवतात, आणि इथे मी त्यांचं थोडं ऐकून घेईन. २८ मे २०२४ ला झाशीत ४९ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि जानेवारीच्या पहाटे हेच गाव दहाच्याही खाली जातं. पोलाद एका मीटरला, एका अंशामागे ११ ते १२ मायक्रॉन वाढतं. पत्र्याच्या शेडखाली ३५ अंशांचा फरक धरला तर २.४ मीटरच्या रॅकची लांबी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात जवळजवळ एक मिलिमीटर वेगळी असते. मोजमापासाठी २० अंशांचं प्रमाण तापमान १९३१ मध्ये ठरवलं गेलं ते याच भांडणासाठी. प्रमाणात वाढणारी, लांबीभर सारखी पसरलेली ही एकच चूक अशी आहे जिच्यावर आकडा बदलणं तत्त्वतः बरोबर ठरेल. गंमत अशी की तिच्यासाठी कोणी आकडा बदलत नाही. बदलायची वेळही क्वचितच येते, कारण मोजणारा टेपही पोलादाचाच आणि त्याच शेडमध्ये तापलेला. तोही तेवढाच लांबतो आणि चूक दिसतच नाही. दिसते ती सकाळी एसीच्या खोलीतून आणलेल्या टेपानं मोजलं की. एमडीएफला तापमानापेक्षा हवेतली ओल जास्त छळते. पावसाळ्यात आलेला गठ्ठा आणि मेमधला गठ्ठा एकाच मापाचे नसतात, आणि त्याला राउटरचा कोणताही आकडा जबाबदार नाही.

आता प्ले. दादाच्या कारखान्यात तीनशे मिलिमीटरचं वर्तुळ कापलं तर चार ठिकाणी, बरोबर जिथे अक्ष दिशा बदलतो तिथे, कडा चपटी झालेली दिसते. हा प्लेचा शिक्का आहे. प्रमाणाची चूक असती तर वर्तुळ एका अंगाला लांबट, अंडाकार झालं असतं. पायथ्याला चुंबक असलेल्या स्टँडवर डायल गेज लावा, गॅन्ट्री डावीकडून शून्यावर आणा, आकडा लिहा. मग पुढे नेऊन उजवीकडून शून्यावर आणा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे प्ले. डायल गेज पुण्यात बेकर कंपनी कधीपासून बनवते, इंपोर्टेड कशाला शोधायचं? त्याला मशीनच्या किमतीपुढे काय लागतं ते विचारूही नये इतकं कमी लागतं.

संप्रदाय इथेही शॉर्टकट सांगतो: सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशनचा आकडा टाका. मशीन रिकामं चालत असेल तर ते ठीक चालतं. पण लाकडात शिरलेला बिट स्वतः ओढतो. कापण्याची दिशा अशी असेल की बिटाचं पातं गॅन्ट्रीला पुढे खेचतं, तर गॅन्ट्री प्लेच्या आत तिला वाटेल तशी उडते, आणि सॉफ्टवेअरनं भरून दिलेलं अंतर जागेवर राहत नाही. उलट्या दिशेनं कापलं की पातं ढकलतं आणि चूक वेगळी पडते. एकाच प्लेच्या दोन वेगळ्या चुका, आणि भरपाईचा आकडा एक. पिनियनची स्प्रिंग घट्ट करा, मेश बसवा, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा चावीचा स्क्रू आवळा. आणि रॅकच्या दातांच्या मुळाशी बघा: ग्रीस आणि एमडीएफची धूळ मिळून तिथे खळीसारखा गोळा बसतो, पिनियन त्यावर चढतं, पुढे जाऊन उतरतं. बुंदेलखंडातल्या उन्हाळ्यात लू सुटते तेव्हा त्यात वाळूही येते. ब्रश आणि केरोसीन लावलं तर अर्धी तक्रार संपते. हे काम करायला कोणी तयार नसतं, कारण त्यात हात काळे होतात आणि आकडा टाइप करण्याचा रुबाब नाही.

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात उघडी चूक म्हणजे पल्स निसटणं, ज्याला सगळे स्टेप लॉस म्हणतात. जाळीचं डिझाइन सकाळी सुरू होतं, दुपारी संपतं, आणि शेवटची ओळ पहिल्या ओळीपासून सरकलेली असते. इथे आकडा बदलणं म्हणजे शुद्ध अंधश्रद्धा आहे, कारण प्रमाण बरोबरच आहे. मधेच कुठेतरी गॅन्ट्री मागे राहिली आहे. आणि ती कितीनं राहिली त्यातच गुन्हेगाराची ओळख आहे. स्टेपर मोटर निसटते तेव्हा ती वाटेल तेवढी निसटत नाही. चुंबकीय रचनेमुळे ती चार पूर्ण पावलांच्या पटीतच घसरते. २०० पावलांच्या मोटरला चार पावलं म्हणजे फेऱ्याचा पन्नासावा भाग. वर सांगितलेल्या मशीनवर मोटरचा एक फेरा २० मिलिमीटर, म्हणून घसरण ०.४ च्या टप्प्यांत येते: ०.४, ०.८, १.२. जाळी १.२ मिलिमीटरनं सरकली असेल तर शंका मोटरवर जाते: वेग जास्त ठेवलाय, अ‍ॅक्सेलरेशन जास्त आहे, बिट बोथट झालाय, किंवा व्होल्टेज पडलं आणि ड्रायव्हरनं करंट कमी दिला.

पण सरकणं ०.४ च्या पटीत न बसता रांगत रांगत, थोडं थोडं वाढत असेल आणि दिशा बदलण्याच्या संख्येशी त्याचं नातं असेल, तर शंका सिग्नलवर जाते. दिशेचा सिग्नल बदलायच्या आतच पल्स पोहोचली तर ती चुकीच्या दिशेला मोजली जाते. एक पल्स म्हणजे मिलिमीटरचा ऐंशीवा भाग, चौकोनी दरवाजात कोणाला दिसत नाही. पण नक्षीच्या जाळीत बिट हजारो वेळा वळतो आणि ऐंशी निसटलेल्या पल्सचा एक मिलिमीटर होतो. ड्रायव्हरवरचा पल्सची कड ठरवणारा स्विच उलटा केला किंवा दिशेसाठी थोडा जास्त वेळ राखला की ही चूक नाहीशी होते, आणि तीही फुकटात. दादाच्या मशीनवर ही जाळीची तक्रार किती दिवस "बिट खराब आहे" म्हणून चालली, हे तो स्वतः सांगणार नाही, म्हणून मीही सांगत नाही.

तिसरा संशयित झाशीसारख्या कोरड्या गावात जास्त हिंडतो. धूळ ओढणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत लाकडाचा भुसा वेगानं घासला जातो आणि नळीवर स्थिर वीज साठते. ती जवळून जाणाऱ्या केबलमध्ये किंवा लिमिट सेन्सरमध्ये उडी मारते आणि कंट्रोलरला खोटा सिग्नल मिळतो. काही वेळा मशीन अचानक थांबतं, काही वेळा फक्त जागा चुकतं. नळीभोवती तांब्याची तार गुंडाळून अर्थ करा, स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या व्हीएफडीची केबल आणि सेन्सरची केबल एकाच चेनमध्ये चिकटून जात असतील तर वेगळ्या करा, शील्ड एकाच टोकाला अर्थला जोडा. पावसाळ्यात हा त्रास आपोआप कमी होतो आणि मग सगळे म्हणतात की आकडा टाकल्यामुळे मशीन सुधारलं. हवेतली ओल कोणाच्या लक्षात येत नाही.

लिमिट सेन्सरवरून आणखी एक. मशीन सकाळी होम करतो आणि दुपारी वीज गेल्यावर पुन्हा होम करतो, तेव्हा दोन्ही वेळा शून्य एकाच जागी पडतं का, हे कोणी तपासत नाही. इंडक्टिव्ह सेन्सरचं अंतर तापमानाबरोबर सरकतं, आणि होमिंग वेगानं केलं तर आणखी चुकतं. वेगानं जाऊन सेन्सर लागला की मागे येऊन दुसऱ्यांदा हळू जाणं, एवढ्यानं काम भागतं. हे एक वाक्य सोडलं तर या विषयात फार काही नाही.

चौकोन तिरका येणं ही वेगळी बाब, आणि यात आकड्यावाल्यांचा पराभव इतका उघड आहे की वाद घालायची गरज पडू नये. रुंद गॅन्ट्रीच्या दोन टोकांना दोन मोटर असतात. होम झालं तरी एक टोक दुसऱ्याच्या मिलिमीटरभर मागे राहिलं तर २४०० बाय १२०० चा चौकोन तिरका होतो. दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येकाची लांबी २६८३.३ च्या जवळ यायला हवी, आणि दोघांतला फरक तिरकसपणाच्या १.८ पट येतो. म्हणजे एक मिलिमीटरचा तिरकसपणा कर्णांत १.८ मिलिमीटर दाखवतो. लांबी आणि रुंदी दोन्ही बरोबर येतील आणि दरवाजा तरीही चौकटीत बसणार नाही. याला पल्सचा कुठला आकडा पुरा पडेल?

मग संप्रदायाचा सगळ्यात हुशार युक्तिवाद येतो, आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, "मोठ्या परदेशी मशीनवर पिच एरर कॉम्पेन्सेशनचं टेबल असतंच की. तेही आकडेच टाकतात, आम्ही एक टाकतो." बरोबर. टाकतात. पण कधी? आयएसओ २३० च्या दुसऱ्या भागात मशीनची जागा तपासायची पद्धत लिहिली आहे. अक्षावर ठिकठिकाणचे बिंदू घ्यायचे, दोन मीटरपर्यंतच्या अक्षाला दर मीटरला निदान पाच, आणि प्रत्येक बिंदूवर दोन्ही दिशांनी, पाच-पाच वेळा जायचं. पाच वेळा का? कारण आधी हे बघायचं असतं की मशीन एकच चूक पुन्हा पुन्हा करतं की दर वेळी नवी. पुन्हा पुन्हा एकच चूक होत असेल तर टेबल तिला भरून काढतं. दर वेळी वेगळी होत असेल तर टेबल निरुपयोगी. आणि ते टेबल बिंदूगणिक वेगळं असतं, म्हणजे रॅकचे दोन तुकडे जिथे जोडले तिथली उडी तेवढ्याच जागी भरून निघते. दादाचा एक आकडा ती उडी दोन्ही बाजूंना पसरवतो. रॅकच्या जोडावर ०.२ ची फट असेल तर जोडाच्या एकाच बाजूला मावणारे दरवाजे बरोबर होते, जोड ओलांडणारे चुकीचे होते. आता दोन्ही चुकीचे.

मग शेवटची ढाल पुढे येते: मशीन चायनाचं आहे, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची. मला हे ऐकलं की राग येतो. स्वस्त राउटरमध्ये ज्या चुका आम्ही शोधतो त्यातल्या बहुतेक जोडणीच्या असतात: रॅकचा जोड दुसऱ्या रॅकचा तुकडा उलटा धरून जुळवला नाही, रेल सरळ बसवली नाही, बेड लेव्हल केला नाही, अर्थ दिला नाही. हे जोडणं झाशीत झालेलं असतं. सर्वो लावा म्हणणाऱ्यांना तर सांगायलाच हवं की क्लोज लूप मोटरचा एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर असतो. मोटर फिरली की नाही ते त्याला कळतं. गिअरबॉक्सच्या पलीकडे, ढिल्या पिनियनवर काय चाललंय ते त्याला दिसतच नाही.

आणि बिट. सहा मिलिमीटरचा बिट त्याला पकडणाऱ्या कॉलेटमधून २५ ऐवजी ३५ मिलिमीटर बाहेर काढला तर तेवढ्याच दाबाखाली तो जवळजवळ पावणेतीन पट वाकतो, कारण वाकणं लांबीच्या घनात वाढतं. त्यात कॉलेटमध्ये भुसा अडकला असेल तर बिट डुगडुगतो आणि खाच रुंद होते. या दोन गोष्टींमुळे आलेल्या चुकांवर किती आकडे फिरले असतील याचा हिशेब नाही.

"लाकडाला एवढी अचूकता कशाला?" या प्रश्नाचं उत्तर दतिया गेटनंच द्यावं असं मला वाटतं. नारोशंकर १७४२ मध्ये सुभेदार म्हणून झाशीत आले तेव्हापासून या गावात मराठी घरं आहेत, आणि पुढे शिवराव भाऊंच्या कारकिर्दीत गावाभोवती तट उभा राहिला. त्या तटाच्या दरवाजांपैकी हा एक. दादा म्हणतो, ते बांधणाऱ्यांकडे कुठे डायल गेज होतं? नव्हतं. पण ओळंबा होता, दोरी होती, गुण्या होता. दगड बसला नाही तर गवंडी दगड घडत होते. गुण्याचा काटकोन कोणी वाकवला नाही. पल्सचा आकडा हा राउटरचा गुण्या आहे. आणि अचूकतेचं म्हणाल तर देवघराचं दार अर्धा मिलिमीटर कमी आलं तर कोणाला दिसत नाही हे मी मान्य करतो. पण डॉवेलची आठ मिलिमीटरची भोकं दोन पाटांवर अर्ध्या मिलिमीटरनं सरकली तर पाट जुळतच नाहीत, मग हातोडा निघतो. चार शीटची जाळी एका भिंतीवर जोडायची असेल तर अर्ध्या मिलिमीटरची चूक चौथ्या शीटपर्यंत दोन होते. गिऱ्हाईक मोजत नाही, पण जोडावरची वाकडी कळी त्याला बरोबर दिसते.

झाशीत हे करायला माणसं नाहीत हे कारण तर मी ऐकून घेणारच नाही. एकोणिसाव्या शतकापासून या गावात रेल्वेचा कारखाना आहे, १९७४ पासून भेल आहे. ट्रान्सफॉर्मर आणि इंजिनं जुळवणाऱ्या, डायल गेज लावून शाफ्ट सरळ करणाऱ्या फिटरांच्या दोन-तीन पिढ्या इथे निवृत्त होऊन बसल्या आहेत. त्यातला एकही माणूस मशीनला हात लावायच्या आधी आकडा विचारणार नाही. तो आधी दोन्ही दिशांनी डायल फिरवेल, मग पिनियन हातानं हलवून बघेल, मग तुमच्या टेपाकडे बघून हसेल.

तर दादा, तुझ्या मशीनच्या कंट्रोलरमध्ये आत्ता जे ७९.७६ लिहिलेलं आहे ते पुसून आधी ८० लिही. मग माप चुकेल. किती चुकतं ते शंभरला, सहाशेला आणि दोन हजाराला, दोन्ही दिशांनी, त्याच त्या जागी पाचदा जाऊन लिहून काढ, आणि आतलं एक भोक आणि बाहेरचा एक चौकोन वेगळा माप. फरक लांबीबरोबर वाढत असेल तर रॅक आणि तापमान बघ. सगळीकडे तेवढाच राहत असेल तर बिट मोज. दिशेवर ठरत असेल तर पिनियन घट्ट कर. काम संपेपर्यंत साठत जात असेल तर वेग कमी करून अर्थ तपास. एवढं करून जो आकडा हाती येईल तो मला कळव, मी त्यावर वाद घालणार नाही. ७९.७६ वर मात्र घालीन.